तिपेडी धाग्याची कहाणी

मानवी शरीराचे वर्णन करताना हाडे, स्नायू, रक्त यांचा उल्लेख अगत्याने होतो. या सर्वांना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या द्रव्याची आठवण मात्र क्वचितच होते. कंडरा, अस्थिबंध, कूर्चा, त्वचेचा आतला थर, स्नायूंवरील पातळ आवरणे, ही सारी त्याचीच रूपे होत. शास्त्रात त्यास संयोजी ऊतक म्हणतात. त्याची महती माणसाला कळली, ती ते ढासळू लागल्यावर!

१७४० साली इंग्लंडचा नौसेनानी जॉर्ज अ‍ॅन्सन गलबतांचा तांडा घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. वाटेत स्कर्व्हीने नाविकांचा संहार केला. त्या सफरीच्या वृत्तांतात एक विलक्षण नोंद आहे. पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेली व पूर्ण भरलेली एका नाविकाची जखम या रोगात पुन्हा उघडली. कधीकाळी सांधलेले हाडही सुटले. शरीराची जुनी शिवणच जणू उसवली.

१७४७ साली जेम्स लिंड या शल्यवैद्याने बारा रोग्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपाय दिला. संत्री व लिंबू मिळालेले दोघेच झपाट्याने सुधारले. तरीही ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सरसकट देण्याचे ठरविले ते १७९५ साली. लिंबातील गुणकारी द्रव्य म्हणजे क जीवनसत्त्व, ही ओळख पटावयास १९३२ साल उजाडले. परंतु लिंबाचा आणि जखमेच्या वणाचा संबंध काय, हे कोडे उरलेच होते.

त्याचे उत्तर संयोजी ऊतकाच्या मुख्य धाग्यात, कोलॅजेनमध्ये, दडलेले होते. ग्रीक भाषेतील सरसवाचक शब्दावरून हे नाव पडले. कारण कातडी व कंडरा उकळून सुतार वापरतात तो सरस याच प्रथिनापासून होतो. या धाग्याची घडण उलगडण्याचा मान भारताकडे येतो. १९५२ साली मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झालेले गो. ना. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह हा प्रश्न हाती घेतला. केंद्रीय चर्म संशोधन संस्था शेजारीच होती. कातड्याचे मर्म शोधण्यास याहून सोयीची जागा कोणती? कांगारूच्या शेपटीतील कंडरांचे धागेही क्ष-किरणांनी तपासले गेले. १९५४ साली त्यांनी 'नेचर' नियतकालिकात तीन पेडांची रचना मांडली आणि १९५५ साली ती सुधारून पेडांना परस्परांभोवती पीळ दिला. फ्रान्सिस क्रिक व अलेक्झांडर रिच यांनी तपशिलावर आक्षेप घेतले, वाद झाला. परंतु पीळदार तिपेडी वेणीची मूळ कल्पना टिकली. वेणीच्या गाभ्यात जागा इतकी अपुरी, की पेडातील प्रत्येक तिसरे स्थान ग्लायसीन या सर्वांत लहान घटकालाच मिळते.

आता लिंबाचे कोडे सुटते. या पेडांतील प्रोलीन नावाच्या घटकावर एक रासायनिक संस्कार व्हावा लागतो, आणि त्यास क जीवनसत्त्व हवे. तो संस्कार न झालेली वेणी सुमारे २४ अंश सेल्सियसलाच उलगडते. शरीराची उष्णता तर ३७ अंश! वणातील धागे शरीर सतत मोडीत व नव्याने घडवीत असते. नवे धागे टिकेनासे झाले, की जुनी जखम उघडणारच.

या इतिहासातून लवचिकपणाचाही खरा अर्थ उमगतो. लवचिकपणा म्हणजे मऊपणा नव्हे. ताण सोसून पूर्वस्थितीस येणाऱ्या धाग्यांची ती सुव्यवस्था होय. लिंबू, आवळा, पेरू यांनी त्यास सामग्री मिळते. व्यवस्था मात्र हालचालीनेच लागते. धागे ताणाच्या दिशेने रचले जातात. म्हणूनच प्लास्टरमध्ये काही आठवडे जखडलेला सांधा ताठरतो. वयाबरोबर धाग्यांमधील बंध वाढतात आणि थोडा ताठरपणा येतोच. तो कोणत्याही लेपाने पुसता येत नाही. परंतु नित्याचे चालणे, सावकाश ताण देणारा व्यायाम आणि दुखापतीनंतर वैद्याच्या सल्ल्याने वेळीच सुरू केलेली हालचाल यांनी तो पुष्कळ आटोक्यात राहतो. दोर वापरात असला म्हणजे त्याचा पीळ शाबूत राहतो. शरीराच्या या तिपेडी दोराचीही तीच रीत आहे.