न गंजणारं, तरी तडकणारं

कळमन्याहून कामठीकडे निघालं की पुढे १८२१ सालची लष्करी छावणी लागते. ती दिसली की मला काडतुसं आठवतात. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात साठवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची! १९२१ मध्ये उलगडा झाला: तबेल्यातला अमोनिया, आणि घडवताना पितळात अडकून राहिलेला ताण.

स्टेनलेस स्टीलचं तेच, फक्त अमोनियाऐवजी मिठातलं क्लोराइड. १९८५ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टरला पोहण्याच्या तलावावरचं काँक्रीटचं छत कोसळलं. १२ माणसं गेली. ते स्टेनलेसच्या सळ्यांवर टांगलेलं होतं. तलावाच्या हवेतलं क्लोराइड सळ्यांवर साचत गेलं, वरून छताचं ओझं होतंच. बरं, पुसणार कोण? सळ्या छताच्या वर, खाली पोहणाऱ्यांना दिसायच्याच नाहीत.