काळ्या शाईची निवड : इंकजेट कृष्णधवल मुद्रणाचा एक इतिहास

मराठीतील 'शाई' हा शब्द फारसी 'सियाही' या शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ 'काळेपणा' असा आहे. संस्कृत 'मषी' या शब्दातही काजळीचाच बोध होतो. व्युत्पत्तीकडे पाहिले तर 'काळी शाई' ही द्विरुक्ती ठरते आणि 'लाल शाई' हा वदतोव्याघात. इंग्रजी 'इंक' या शब्दाचे मूळ मात्र रोमन सम्राटांच्या सहीसाठी वापरल्या जाणाऱ्या जांभळ्या शाईच्या नावात सापडते. शाई म्हणजे काळेपणा की शाई म्हणजे रंग, असा हा भेद आहे. कृष्णधवल छायाचित्रे इंकजेट प्रिंटरवर छापण्याचा गेल्या काही दशकांचा इतिहास पाहू जाता हाच भेद तेथे निराळ्या रूपाने उभा राहिलेला दिसतो. त्या इतिहासाचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आपण ज्याला सरसकट 'काळा' म्हणतो त्यात वस्तुतः तीन गुण एकवटलेले असतात : गडदपणा, झाक आणि टिकाऊपणा. चांदीच्या क्षारांवर आधारलेल्या जुन्या छायामुद्रणात हे तिन्ही गुण कागद व रसायने यांच्या निवडीबरोबर एकत्रच ठरत असत. इंकजेटमध्ये ते एकमेकांपासून सुटे झाले आणि एक साधावयास गेले की दुसरा हातचा जातो, असा अनुभव येऊ लागला.

टिकाऊपणाची चिंता मुळीच नवी नव्हे. छायाचित्रणाच्या आरंभकाळातील अनेक चित्रे अल्पावधीतच पिवळी व पुसट होऊ लागल्यामुळे लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ साली या प्रश्नाच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आल्फोन्स प्वातव्हँ याने जिलेटिनमध्ये कार्बनची पूड मिसळून चित्र उमटविण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले आणि १८६४ साली इंग्लंडच्या जोसेफ स्वान याने ती व्यवहारोपयोगी केली. चांदी हवेतील गंधकाने विकार पावते. कार्बन मात्र प्रकाशाने विटत नाही, की हवेने सहसा बदलत नाही. ज्या गुणामुळे आपल्याकडील पोथ्यांच्या लेखकांनी काजळी व डिंक यांची शाई वापरली, त्याच गुणाचा आश्रय छायाचित्रकारांनी येथे घेतला होता.

इंकजेटच्या उदयकाळी हा धडा बाजूला पडला. १९९० च्या सुमारास संगीतकार व छायाचित्रकार ग्रॅहम नॅश याने आयरिस ३०४७ हे, सुमारे सव्वा लाख डॉलर किमतीचे यंत्र आपल्या कृष्णधवल चित्रांच्या छपाईसाठी घेतले, आणि १९९१ साली कॅलिफोर्नियात 'नॅश एडिशन्स' ही मुद्रणशाळा सुरू झाली. हे यंत्र मूळचे छापखान्यांसाठी रंगीत नमुनाप्रती काढण्याकरिता बनविलेले होते. त्यामुळे त्यातील शाई पाण्यात पूर्णतः विरघळणाऱ्या रंगांची होती. नमुनाप्रत काही आठवडे टिकली तरी पुरे. भिंतीवरील चित्राचे तसे नाही. विरघळणाऱ्या रंगाचा रेणू प्रकाश व ओझोन यांस सर्व बाजूंनी उघडा असतो आणि म्हणून लवकर भंग पावतो. शिवाय करडी छटा निळसर, किरमिजी व पिवळ्या शायांच्या मिश्रणातून साधली असेल, तर त्यांपैकी एक रंग आधी उडतो आणि करड्याला परकी झाक येते. रंगीत चित्रात असा बदल एक वेळ खपून जातो. कृष्णधवल चित्रात तो तत्काळ नजरेस येतो.

यावर उपाय म्हणून न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाया पुढे आल्या. २००० साली एप्सन कंपनीने स्टायलस फोटो २०००पी हा अशा शाईचा प्रिंटर बाजारात आणला. टिकाऊपणा साधला, पण झाकेचा प्रश्न अधिकच बिकट झाला. दिव्याच्या उजेडात तटस्थ दिसणारा करडा उन्हात हिरवट दिसे. करडा रंग अनेक रंगांच्या बेरजेने बनविला असता प्रत्येक प्रकाशात ती बेरीज निराळी होते, हे त्याचे कारण.

हा पेच सोडविण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग व्हरमाँटमधील जॉन कोन याचा. २००० साली त्याने 'पिएझोग्राफी' ही पद्धत पुढे आणली. तीत रंगीत शायांच्या जागी काळ्याच्या चार उतरत्या छटा भरल्या जात, आणि पुढे ही संख्या सातापर्यंत गेली. दुसरा मार्ग खुद्द यंत्रनिर्मात्यांचा. २००५ साली एप्सनने 'के ३' हा शाईसंच आणला. त्यात एकाच वेळी तीन काळ्या शाया असून करड्या छटांचा मुख्य भार त्यांवर पडतो, आणि रंगीत शाया झाक सुधारण्यापुरत्याच लागतात. या संचातील फिक्या शायांना 'लाइट ब्लॅक' व 'लाइट लाइट ब्लॅक' अशी नावे मिळाली. 'करडा' असा सरळ शब्द उपलब्ध असता 'फिका काळा' म्हणण्यात वरवर विसंगती दिसेल. परंतु ही शाई काळ्याचीच पातळ केलेली जात आहे, रंगांचे मिश्रण नव्हे, हे तत्त्व त्या नावाने अचूक सांगितले आहे.

तथापि निखळ कार्बनही निर्दोष नाही. त्याचे सूक्ष्म कण कागदावर विरळ पसरले की त्यांना तपकिरी झाक येते. ती ज्यांस रुचत नाही त्यांच्यासाठी शाईत निळसर रंगकण मिसळावे लागतात, आणि ते कण कार्बनइतके टिकत नाहीत. म्हणजे झाक जितकी थंड, तितका टिकाऊपणा उणा. कागदाचाही संबंध येतो. मॅट कागदासाठीची काळी शाई चकचकीत कागदावर नीट धरत नाही, बोटाने पुसली जाते. उलट चकचकीत कागदासाठीची शाई मॅट कागदावर पुरेशी गडद उतरत नाही. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून घातलेली द्रव्ये कालांतराने निष्प्रभ होतात आणि कागद पिवळसर पडतो. तेव्हा शाई उत्तम निवडून कागद तसा न निवडल्यास निम्मे श्रम वाया जातात.

हा सारा विचार केवळ हौशी छायाचित्रकारांपुरता नाही. आज अनेक कुटुंबे व संस्था जुनी कृष्णधवल छायाचित्रे संगणकावर उतरवून त्यांच्या नव्या प्रती काढतात, आणि पुष्कळदा मूळ प्रत जीर्ण म्हणून टाकून देतात. अशा वेळी नवी प्रत हाच पुरावा उरतो. ती विरघळणाऱ्या रंगीत शायांत काढली असेल, तर तिचे आयुष्य टाकून दिलेल्या मूळ प्रतीहूनही कमी असण्याचा संभव आहे. म्हणून संग्रहासाठी प्रत काढताना कार्बनप्रधान शाई आणि शुभ्रकविरहित सुती कागद यांची निवड करावी, तपकिरी झाक मान्य करावी, आणि मूळ प्रत कितीही पुसट झाली असली तरी जपून ठेवावी. प्रदर्शनासाठी झाकेचा आग्रह धरण्यास हरकत नाही. मात्र त्यासाठी टिकाऊपणाची किती किंमत मोजली जात आहे, हे निवड करणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.