गिरगाव ते गिरणगाव : चाळीतल्या 'मी'ची ओळख

माणूस स्वतःला जे काही समजतो, त्यातले त्याचे स्वतःचे किती आणि भोवतालाने दिलेले किती, हा प्रश्न संतांनी विचारला, तत्त्वज्ञांनी विचारला आणि पुढे समाजशास्त्राने तो आपल्या हाती घेतला. या प्रश्नाचा एक ठावठिकाणा मुंबईतही आहे. व्यक्ती कशी घडते, तिला कोण अडवते आणि कोण मोकळे करते, हे जवळून पाहायचे असेल तर गिरगाव, दादर, परळ, लालबाग या वस्त्यांइतकी समृद्ध सामग्री मराठी मुलखात क्वचितच एका जागी सापडेल. या विषयाकडे अजून न वळलेल्या वाचकांना आत येण्याची वाट दाखवावी, एवढ्यासाठी हे लेखन आहे. वाचकांनी आधी काही वाचलेले असावे अशी अपेक्षा नाही. तुमच्या घरातले कोणी चाळीत राहिलेले असेल तर उत्तम. नसेल तरी काही अडत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापडगिरणी उभारायला घेतली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा गिरण्यांनी व्यापला; हेच गिरणगाव. कोकणातून आणि घाटावरून माणसे येत राहिली. तिकडे गिरगावात कारकून, शिक्षक, वकील, छापखानेवाले यांची पांढरपेशी वस्ती दाटत गेली. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याने बांधलेल्या त्या बीआयटी चाळी. १९२० मध्ये स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बांधल्या त्या बीडीडी चाळी. बीडीडीच्या एका इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. या आकड्यांपाशी वाचकांनी थोडे थांबावे. १६० चौरस फुटांत एक कुटुंब, बरेचदा गावाकडचे दोन-तीन पुरुषही. संडास मजल्यावर सामाईक आणि दारापुढे सगळ्यांची ये-जा. एकांत नावाची गोष्ट या नकाशात कुठेच आखलेली नव्हती. माणसाचे बोलणे, भांडणे, आजारपण, लग्नाची बोलणी, सगळे चारचौघांत. असे असूनही इथून जी माणसे निघाली त्यांनी 'मी' हा शब्द मराठीत पूर्वी कधी उच्चारला गेला नव्हता इतक्या ठामपणे उच्चारला. या अभ्यासाचे सारे आकर्षण मला या विसंगतीत वाटते.

जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल यांनी १९०३ मध्ये महानगरातल्या मनोव्यापारांवर एक निबंध लिहिला. गाव माणसावर नजर ठेवते, शहर त्याला गर्दीत सोडून देते. त्यात तो एकाकी होतो, पण मोकळाही होतो, असा त्यांच्या विचाराचा एक धागा. बर्लिनसाठी तो खरा असेल. गिरणगावात मात्र माणूस गाव सोडून आला तरी गावही त्याच्यामागून आले. गावच्या ओळखीतल्या मुकादमाने कामाला लावायचे, गावकरी मंडळाच्या खोलीत वळकटी टाकायची, गाववाल्याच्या शब्दावर उधारी मिळवायची, शिमग्याला आणि गणपतीला परत जायचे. गर्दी होती, पण तीत अनोळखी होण्याची सोय फारशी नव्हती. परदेशी सिद्धान्त इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तो आपल्या सामग्रीवर घासून पाहावा लागतो. मराठी अभ्यासकाने हे काम अभिमानाने करावे असे आहे.

गावाबरोबर जातही आली. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, त्यामागे खेड्याचा अनुभव होताच. पण शहर आपोआप मुक्त करते असा भाबडा विश्वासही त्यांना नव्हता. परळच्या बीआयटी चाळीत ते सुमारे दोन दशके राहिले आणि गिरण्यांत काय चालते हे त्यांनी जवळून पाहिले. विणकामाच्या खात्यात पगार बरा, पण तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचे. धागा तुटला की तो धोट्याच्या छिद्रातून तोंडाने चोखून ओढून घ्यावा लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला आपले ओठ लावायला सवर्ण विणकर तयार नसत. मग दलित कामगाराच्या वाट्याला बहुतेक सूतकताईचे रिंग खाते येई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. यंत्र नवे, भांडवल नवे, पगार रोख आणि बंधन मात्र जुनेच. बाहेरचा समाज माणसाची ओळख ठरवतो हे वाक्य पुस्तकात वाचताना गुळगुळीत वाटते. धोट्यापाशी आले की त्याला चव, ओलावा आणि पगाराचा आकडा मिळतो.

इथे थांबून या साऱ्या जगाला तुरुंग ठरवायचा मोह होईल. वाचकांनी तो आवरावा. ज्या गर्दीने माणसाला बांधले, तिनेच त्याला साधनेही पुरवली. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके झाली, आणि त्याच हॉलमध्ये १९२४ मध्ये आंबेडकरांनी बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची वाट निघाली. एकाच सभागृहात एखाद्या पोराला राजाचा मुकुट घालून पल्लेदार भाषण करता येत होते आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच नावाने, आपल्याच हक्कासाठी उभे राहता येत होते. या दोन गोष्टींचे नाते अजून पुरेसे तपासले गेलेले नाही, असे माझे मत आहे. गिरगावात केशवजी नाईक चाळीतला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ चा, लालबागच्या राजाचा १९३४ चा. मंडळाची वर्गणी, हिशेब, मेळे, भांडणे यांतून किती जणांना चारचौघांत बोलण्याचा पहिला धीर आला असेल, हा प्रश्न अभ्यासकाने जवळ बाळगावा.

या साऱ्या विचाराला एकच माणूस निवडायचा तर मी नारायण सुर्वे यांना निवडीन. रस्त्यावर सापडलेले तान्हे मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने ते उचलले, त्याची पत्नी काशीबाई, तीही गिरणीत कामाला, तिने ते वाढवले. जन्मदात्यांचा पत्ता नाही, जात ठाऊक नाही, नाव आणि आडनाव दोन्ही दुसऱ्याने दिलेली. पुढे हे पालक निवृत्त होऊन कोकणात गेले आणि कोवळ्या वयाचा मुलगा मुंबईत एकटा राहिला. पडेल ते काम, मग शिपाई, मग महापालिकेच्या शाळेत शिक्षक. ओळख रक्तातून येते, कुळातून येते असे मानणाऱ्या समाजात हा माणूस सगळाच्या सगळा भोवतालाने घडवलेला होता, आणि त्याने १९६२ मध्ये पहिला कवितासंग्रह काढला त्याच्या नावातच 'मी' होता : 'ऐसा गा मी ब्रह्म'. १९६६ चा 'माझे विद्यापीठ' आला तेव्हा त्यातले विद्यापीठ म्हणजे हीच वस्ती. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. स्वातंत्र्य म्हणजे इतरांपासून सुटणे, ही आपली नेहमीची समजूत सुर्व्यांपाशी टिकत नाही. त्यांना इतरांनी उचलले नसते तर स्वतंत्र व्हायला कोणी उरलेच नसते.

गिरगावची बाजू वेगळी आहे आणि ती आधी सुरू होते. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पुढे अपिलात तो टिकला नाही आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा असे सांगितले. १८८८ मध्ये पैशांवर तडजोड झाली. एका तरुण स्त्रीची इच्छा ही न्यायालयाने मोजण्याजोगी गोष्ट आहे का, यावर सारा महाराष्ट्र भांडला, आणि लोकमान्य टिळक तिच्या विरोधात उभे राहिले. वाचकांनी हा खटला वाचताना तिच्या मागे कोण होते तेही पाहावे : डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे सावत्र वडील, ज्या जातीत विधवेला पुनर्विवाह करता येई अशी जात, आणि कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पीची. पीची यांच्या आधाराने रखमाबाई लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. निर्धार तिचा होता. तो उभा राहिला त्याला जमीन मात्र अनेकांनी दिली होती.

असेच र. धों. कर्वे यांचे. गिरगाव चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. आंबेडकरांनी. खटला ते हरले. तरीही जातीचा बंदिवास आणि शरीराविषयीचे मौन हे दोन वेगळे विषय मानण्याची आपल्याला सवय आहे, ती या एका वकीलपत्रापुढे सोडावी लागते.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक धागा हाती घ्यावा, तो खानावळीचा. एकट्या गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या बायका गिरणीच्या हजेरीपटात कुठेच नव्हत्या. संपात पगार थांबला तरी त्या उधारीवर जेवू घालत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा यांतल्या कित्येकींना बँकेचे कर्ज स्वतःच्या नावावर मिळाले. कागदावर आपले नाव पाहणे ही ओळखीच्या इतिहासातली मोठी घटना आहे. चळवळीच्या घरातही बाईला स्वतःचे म्हणून काही उरते का, हे समजून घ्यायला मलिका अमर शेख यांचे १९८४ चे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' वाचावे. शाहीर अमर शेख यांची मुलगी आणि दलित पँथरचे नेते, कवी नामदेव ढसाळ यांची पत्नी असणे म्हणजे काय, हे त्यांनी कोणाचीही भीड न ठेवता सांगितले आहे.

आता सुरुवात कुठून करावी? सिद्धान्तापासून करू नका असे मी सुचवीन. आधी आत्मकथने घ्या. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) पहिले, कारण त्यात दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कथा सांगतो. एकाच माणसातली गावाने दिलेली ओळख आणि शहरात कमावलेली ओळख समोरासमोर बसलेली दुसरीकडे क्वचित भेटतात. त्यानंतर नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून ऐकून सिद्ध केलेला, २००४ मध्ये आलेला गिरणगावचा इतिहास. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) तुम्ही वाचलेली असेलच. ती पुन्हा वाचताना तिच्यातल्या जिव्हाळ्याबरोबर तिथे कोण राहत नव्हते याकडेही लक्ष द्या. चाळीची आठवण गोड करून सांगण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. गॅलरीतल्या नजरेने एखाद्या विधवेचे, परजातीत प्रेम करणाऱ्या पोराचे काय केले, हेही त्याच आठवणीत विचारायला हवे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. गिरणीची ओळख गेली त्या घरांत मुलांनी कोणती नवी ओळख धरली, हा आजच्या अभ्यासाचा सर्वांत कळीचा भाग आहे. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकाने तो रंगमंचावर आणला. आता बीडीडी चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे उभी राहत आहेत. आतून कडी लावता येईल असे दार आणि स्वतःचा संडास मिळणे हे स्वातंत्र्यच आहे, त्याला कोणी कमी लेखू नये. पण त्या दाराआड वाढणारी मुले कोणाच्या नजरेने स्वतःकडे पाहतील, याचा अभ्यास आत्ताच सुरू व्हायला हवा. जुन्या खोल्या आठवणारी आणि नव्या घरात राहणारी माणसे एकाच कुटुंबात आहेत तोवर.

यासाठी लागणारे कागद अजून हाताशी येण्याजोगे आहेत. गावकरी मंडळांच्या वह्या, खानावळींचे हिशेब, गणेशोत्सवाचे अहवाल, रात्रशाळांचे दाखले बरेचदा माळ्यावरच्या ट्रंकेत असतात आणि घर बदलताना रद्दीत जातात. तुमच्या ओळखीच्या घरी असे काही असेल तर आधी ते वाचायला मागा, त्यातली नावे कोणी, कोणत्या आडनावाने, कोणत्या गावाच्या हवाल्याने लिहिली आहेत ते टिपून घ्या, आणि मग दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन त्याच वर्षांची वर्तमानपत्रे आणि मासिके चाळा.