पानामागची फुलपाखरे

वसंतात रानवाट धरली की नजर साहजिकच वर जाते. पांगारा आणि काटेसावर फुललेली असते, तिथे बुलबुल, मैना, सूर्यपक्षी यांची झुंबड उडते. फुलपाखरांसाठी मात्र नजर खाली, पानाच्या मागे न्यावी लागते. ही दृष्टी कारवारात कशी घडली, तो इतिहास आम्हां सीमाभागातील मराठी मंडळींच्या फारसा परिचयाचा नाही.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते; ही केवळ साहेबांची हौस मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. आणखी एक संस्थापक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. नोकरी जकात व मीठ खात्यातली. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तेथे वनखात्याचे टी. आर. बेल आणि मुलकी सेवेतील जे. डेव्हिडसन यांची त्यांना साथ लाभली. या तिघांनी १८९६ पासून संस्थेच्या नियतकालिकात त्या जिल्ह्यातील फुलपाखरांवर लेखमाला लिहिली.

जाळे घेऊन धावणारे तेव्हाही पुष्कळ होते. या तिघांनी अळ्या शोधल्या, त्या खात त्याच झाडाचा पाला घालून वाढवल्या, आणि कोष फुटेपर्यंत वाट पाहिली. कारण अळी वाटेल ते पान खात नाही. कोणाला रुई लागते, कोणाला बहावा, तर कोणाला कढीपत्ता. रुईवर वाढणाऱ्या अळीच्या अंगात त्या चिकातले विष उतरते, म्हणून पक्षी तिच्या फुलपाखराच्या वाटेस सहसा जात नाहीत. बिनविषारी अळ्या मात्र दयाळ आणि शिंपी पिलांना भरवतात. तेव्हा वसंतातले गाणेही या पानांवरच पोसलेले असते.

बेल १९२० मध्ये निवृत्त झाले, ते कारवारातच राहिले आणि १९४८ मध्ये तेथेच निवर्तले. आम्हां पेन्शनरांना हेवा वाटावा असे ते उत्तरायुष्य!

त्यांचे लेखन इंग्रजीत. फुलपाखरांची मराठी नावे रूढ व्हायला फार उशीर लागला. ‘राणी पाकोळी’ हे नाव अनेकांनी प्रथम ऐकले ते २०१५ मध्ये, महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखरू ठरवले तेव्हा. झाडांची नावे मात्र आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. नातवंडांना ‘कॉमन मॉर्मन’ ठाऊक असते, त्याची अळी परसातल्या कढीपत्त्यावर असते हे नसते. ती दिसताच आपण फवारणीचा पंप काढतो.