शेजारचा खडक

परिसंस्थाशास्त्र म्हणजे वही घेऊन प्रजाती मोजत बसणं, असं तुम्हालाही वाटतं ना? मलाही वाटायचं. मग रॉबर्ट पेन वाचले.

जून १९६३ पासून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर, मकॉ बे इथे, खडकाच्या एका पट्ट्यावरचे तारामासे ते उपटून समुद्रात फेकत राहिले. परत आले की परत फेकायचे! शेजारचा खडक मात्र तसाच ठेवला. तारामासा शिंपले खातो. खाणाराच नाही म्हटल्यावर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि १५ प्रजातींच्या ८ झाल्या. १९६९ मधला त्यांचा ‘कीस्टोन’ हा शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहे.

पण शेजारचा खडक नसता तर? वादळ, थंडी, काहीही कारण सांगता आलं असतं. तुमच्या प्रपोजलमध्ये असा न छेडलेला खडक कोणता, ते गाइडला भेटण्याआधी लिहून काढा.