वेगाचा हिशेब : तीन सुपरकार, तीन काळ

वेगवान मोटारींची तुलना करायची म्हटली की बहुधा एक तक्ता समोर येतो. गाडीचे नाव, साल, अश्वशक्ती आणि शेवटच्या रकान्यात कमाल वेग. हा तक्ता जवळपास नेहमीच नव्या गाडीच्या बाजूने निकाल देतो. त्यात नवल नाही. चाळीस वर्षांनी काम करणाऱ्याच्या हाती चाळीस वर्षांचे धातुशास्त्र, टायर आणि संगणक जास्त असतात. पण अभियंत्याचे कर्तृत्व मोजायचे, तर त्याच्यासमोर नेमकी अडचण कोणती होती, ती त्याने कशी सोडवली आणि त्याची किंमत कुठे मोजली, हे पाहावे लागते. १९६६ची लॅम्बोर्गिनी मिउरा, १९९२ची मॅकलॅरन एफ-१ आणि २००५ची बुगाटी वेरॉन या तीन गाड्या येथे त्या कसोटीवर तपासायच्या आहेत.

मिउरापुढची अडचण जागेची होती. शर्यतीच्या गाड्यांत इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवण्याची पद्धत तोवर रुळली होती. वजन मध्यभागी आले की गाडी वळणावर चपळ होते. पण रस्त्यावरच्या गाडीत दोन माणसे, त्यांच्यामागे बारा सिलिंडरचे लांबलचक इंजिन आणि त्याच्याही मागे गिअरबॉक्स अशी रांग लावली, तर गाडी फार लांब होते. जान पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तांझानी या लॅम्बोर्गिनीच्या अभियंत्यांनी इंजिन आडवे बसवले आणि गिअरबॉक्स इंजिनाच्याच ओतीव कवचात सामावून घेतला. ही युक्ती त्यांना सुचली ती १९५९च्या ब्रिटिश ‘मिनी’वरून. अॅलेक इसिगोनिसने स्वस्त गाडीत चार माणसांना जागा मिळावी म्हणून जे केले, तेच इटलीतल्या या तरुणांनी ३.९ लिटरच्या इंजिनाला लावले. १९६५च्या नोव्हेंबरात तूरिनच्या प्रदर्शनात गाडीचा नुसता सांगाडा मांडला गेला. बेर्तोने कंपनीत मार्चेल्लो गांदिनीने तिला देह दिला आणि मार्च १९६६मध्ये जिनिव्हात पूर्ण गाडी उभी राहिली. तेव्हा या तिघांपैकी एकानेही तिशी ओलांडली नव्हती.

या सोडवणुकीची किंमतही होती. इंजिन आणि गिअरबॉक्सचे तेल एकच, त्यामुळे गिअरच्या दातांची झीज इंजिनाच्या तेलात मिसळे; अखेरच्या काही ‘एसव्ही’ गाड्यांत ही तेले वेगळी करावी लागली. पेट्रोलची टाकी पुढे होती. टाकी रिकामी होत गेली की नाक हलके होई आणि मोठ्या वेगात हवा ते वर उचलू लागे. खुद्द लॅम्बोर्गिनीने पुढच्या काउंटाश गाडीत बारा सिलिंडरचे इंजिन पुन्हा उभे, म्हणजे गाडीच्या लांबीला समांतर बसवले. म्हणजे मिउराचे उत्तर मागे पडले. पण इंजिन पाठीमागे ठेवूनही रस्त्यावर चालणारी बारा सिलिंडरची गाडी होऊ शकते, हे तिने दाखवून दिले होते.

मॅकलॅरन एफ-१ची कल्पना १९८८च्या इटालियन ग्रां प्रीनंतर मिलानच्या विमानतळावर विमानाची वाट पाहताना निघालेल्या बोलण्यातून पुढे आली, असे सांगतात. त्या वर्षी मॅकलॅरनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. हरली ती नेमकी हीच. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानला जन्मलेल्या गॉर्डन मरेने गाडी आखायला घेतली, ती वजनाला शत्रू मानून. मॅकलॅरनने १९८१मध्ये फॉर्म्युला वनमध्ये कार्बन फायबरचा सांगाडा आणला होता. तो मरेने रस्त्यावरच्या गाडीत आणला. चालकाची जागा मधोमध आणि दोन प्रवासी त्याच्या दोन बाजूंना, किंचित मागे. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. उष्णता परतवण्यासाठी इंजिनाच्या कप्प्याला सोन्याचा पत्रा लावला, कारण त्या कामाला सोने उत्तम. बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशेकडे मरेने ५५० अश्वशक्ती आणि २५० किलोंची मर्यादा मागितली होती. हाती आलेले ६.१ लिटरचे इंजिन भरले २६६ किलो, पण देत होते ६२७ अश्वशक्ती, आणि तेही टर्बोचार्जरविना. सगळी गाडी सुमारे ११४० किलोंची. १९९५मध्ये तिच्याच शर्यतीच्या आवृत्तीने ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली.

आता थोडा हिशेब. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. तो दुप्पट वेगाने ढकलायचा असल्याने शक्ती आठपट लागते. मिउरा ३५० अश्वशक्तीवर ताशी २८०च्या आसपास जाई. मॅकलॅरन १९९८मध्ये जर्मनीतल्या एहरा-लेसियेन येथील चाचणी-मार्गावर ताशी ३८६ किलोमीटरला पोहोचली. मिउराचाच आकार ठेवून हा वेग गाठायचा तर ९००हून अधिक अश्वशक्ती लागली असती. मॅकलॅरनने तो ६२७मध्ये गाठला. अश्वशक्ती मोजण्याच्या पद्धती बदलत गेल्या, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. तरी हवा कापण्यातली बचत त्यातून स्पष्ट दिसते.

वेरॉनने २००५मध्ये त्याच चाचणी-मार्गावर ताशी ४०७ किलोमीटर गाठले. मॅकलॅरनच्या आकाराला त्यासाठी ७३५ अश्वशक्ती पुरली असती. वेरॉनला लागली १००१. वजन १८८८ किलो, म्हणजे मॅकलॅरनमध्ये एक मारुती ८०० चालकासकट घातल्यावर भरेल त्याहूनही थोडे जास्त. केवळ एवढेच पाहिले तर वेरॉन उधळपट्टी वाटते, आणि पुष्कळ जाणकारांनी तिला तसेच म्हटले आहे.

पण तिला घातलेल्या अटी वेगळ्या होत्या. फोक्सवॅगनचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांना हजार अश्वशक्ती आणि ताशी ४००चा वेग हवा होताच. पण त्याच गाडीतून संध्याकाळी ऑपेराला जाता यावे, हीही अट होती. मॅकलॅरनचा विक्रम तरबेज शर्यतपटूने, इंजिनाच्या फेऱ्यांवरची मर्यादा वाढवून केला होता. वेरॉनमध्ये हा वेग गाडीसोबत विकत मिळणार होता. येथे शत्रू होता उष्णता. असे इंजिन जितकी शक्ती चाकांना देते, त्याच्या सुमारे दुप्पट उष्णता म्हणून बाहेर टाकते. ८ लिटर, १६ सिलिंडर आणि चार टर्बोचार्जर असलेल्या या इंजिनासाठी गाडीत दहा रेडिएटर बसवावे लागले. प्रत्येक रेडिएटरला हवा हवी, हवेसाठी तोंडे हवीत, आणि प्रत्येक तोंड हवेचा विरोध वाढवते. रुंद टायर, चारही चाकांना शक्ती, ताशी ३७५च्या पुढे जाण्यासाठी लागणारी वेगळी किल्ली, ब्रेक लावताच उभा राहणारा मागचा पंख, हे सारे सामान्य चालकाला त्या वेगात सांभाळण्यासाठी. वरच्या अडीचशेहून अधिक अश्वशक्तीतला बराचसा भाग या हमीपोटी खर्च झाला. आणि हमीलाही मर्यादा होती : पूर्ण वेगात १०० लिटरची टाकी सुमारे बारा मिनिटांत रिकामी होई.

मग श्रेष्ठ कोण? माझ्या मते काटकसरीत मॅकलॅरनला तोड नाही. तिच्यात एकेक भाग का आहे, याचे उत्तर देता येते. वेरॉनचे काम अधिक अवघड होते, कारण तिला चालकाच्या कौशल्यावर विसंबून राहण्याची मुभा नव्हती. आणि मिउराने पुढच्यांसाठी दार उघडले. तक्त्यात ती सर्वांत खाली असते, पण पाठीमागे बारा सिलिंडर घेऊन रस्त्यावर उतरण्याचे धाडस तिने आधी केले.

हा प्रश्न आजही जिवंत आहे. बॅटरीवर चालणाऱ्या रिमॅक नेव्हेराची शक्ती १९००हून अधिक आहे आणि वजन दोन टनांच्या वर. विजेच्या मोटरमुळे शक्ती मिळवणे सोपे झाले, वजन मात्र शत्रू म्हणून परत आले. दुसऱ्या बाजूला त्याच मरेने २०२०मध्ये टी-५० ही ९८६ किलोंची गाडी सादर केली. बारा सिलिंडर, हाताने बदलायचे गिअर आणि चालक पुन्हा मधोमध. तिच्या इंजिनाचा आकार ३.९ लिटर, मिउराइतकाच. कमाल वेगाच्या रकान्यात ती नेव्हेराच्या खाली राहील. म्हणून पुढे कधी असा तक्ता समोर आला, तर त्यात वजनाचा एक रकाना आपल्या हाताने आखून घ्यावा आणि मग वरून खाली पुन्हा वाचावा. क्रम बदललेला दिसेल.