कंपवाताचा धोका आणि शेतीतील नोंदींचे मौन : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

रोगाचा इतिहास बहुधा त्याच्या उपचारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कंपवात अर्थात पार्किन्सनचा आजार याला अपवाद नाही. हा आजार मुळात टळू शकतो का, निदान त्याचा धोका कमी होऊ शकतो का, हा प्रश्न त्या इतिहासात फार उशिरा उपस्थित झाला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेऊन मुळशी तालुक्यातील घोटावडे परिसरासारख्या भातशेतीच्या प्रदेशात तो कसा विचारावा लागेल, याची चर्चा केली आहे. लेखक इतिहासाचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. म्हणून भर पुराव्याच्या स्वरूपावर आहे.

उपचाराकडून कारणांकडे :

माधवनिदानात 'वेपथु' या वातविकाराचे वर्णन येते. तो म्हणजेच आजचा पार्किन्सन, असे छातीठोकपणे म्हणणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. लक्षणांचे साम्य मात्र लक्षणीय आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी कुंपणांवर माजणारी खाजकुइली औषधी म्हणून पूर्वापार परिचित आहे. तिच्या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्ये वेगळे केले. १९७८ मध्ये तिच्या कंपवातावरील उपयोगाचा भारतीय वैद्यकीय अभ्यासही प्रसिद्ध झाला. परंतु हा सारा उपचाराचा भाग झाला. खाजकुइलीचे चूर्ण घेतल्याने आजार होतच नाही, असे त्यातून सिद्ध होत नाही.

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये आपल्या निबंधात सहा रुग्णांचे वर्णन केले. त्यांतील काहींना त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. पहिला रुग्ण माळीकाम करणारा, संयमी जीवन जगणारा गृहस्थ होता. काही दिवस हाताला विशेष श्रम पडल्यामुळे आजार सुरू झाला, अशी त्याची स्वतःची समजूत होती. ती समजूत चुकीची असेल. पण रुग्णाचा व्यवसाय काय, हे पार्किन्सन यांनी नोंदवून ठेवले. ही सवय पुढे बरीचशी मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्यास मेंदूतील डोपामिनची उणीव उमगली आणि १९६७ नंतर लेव्होडोपाचा उपचार रूढ झाला. साहजिकच संशोधनाचे लक्ष औषधाकडे वळले.

कारणांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो १९८२ मध्ये. कॅलिफोर्नियात बेकायदा बनवलेले अमली द्रव्य टोचून घेतलेले काही तरुण अचानक ताठरले. त्या द्रव्यातील एमपीटीपी या भेसळीने मेंदूतील नेमक्या त्याच पेशी मारल्या होत्या. शरीरात त्यापासून बनणाऱ्या विषाची रासायनिक रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतील शेतकरी व फवारणी कामगारांच्या अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरणाऱ्यांत या आजाराची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. २०१५ च्या अभ्यासाने आणखी एक बाब दाखविली : पॅराक्वाटचा आजाराशी संबंध दिसला तो बहुतांश वेळा हातमोजे न घालणाऱ्यांत. अभ्यास लहान होता, तरी धोका कमी करण्याच्या दृष्टीने याहून व्यवहार्य सूचना क्वचितच मिळते.

नियमित व्यायाम करणाऱ्यांत व कॉफी पिणाऱ्यांत हा आजार कमी आढळतो, असे अनेक दीर्घकालीन पाहण्या सांगतात. धूम्रपान करणाऱ्यांतही तो कमी दिसतो. मात्र त्यावरून कोणी विडीची शिफारस करणार नाही. शिवाय आजाराची सुरुवात निदानाच्या कित्येक वर्षे आधी होत असल्याने कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरविणे अवघड जाते. वय आणि आनुवंशिकता तर आपल्या हातात नाहीत. मुंबईच्या पारशी वसाहतींतील १४,०१० व्यक्तींच्या पाहणीत (१९८८) ४६ रुग्ण आढळले. हा आकडा वाचतानाही त्या समाजातील वृद्धांचे मोठे प्रमाण ध्यानात घ्यावे लागते.

घोटावड्याच्या संदर्भात :

मजुरांची टंचाई वाढली तशी बेणणीची जागा तणनाशकाने घेतली. पाठीवरचा पंप, उघडे हात, अनवाणी पाय हे दृश्य भातखाचरांच्या बांधांवर नवे नाही. आपल्याकडे शेतकरी फवारणीच्या द्रव्याला 'औषध' म्हणतो, आणि दवाखान्यातून आणतो तेही औषधच. ही केवळ शब्दाची गंमत नव्हे. या शब्दाने विषाची भीती बोथट केली आहे.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले. त्या मृत्यूंची चौकशी झाली, कारण ते काही दिवसांत घडले. वीस वर्षांनी थरथरू लागलेल्या हाताची चौकशी कोण करणार? गाव नमुना बारावर पीक नोंदविले जाते, फवारलेले द्रव्य नाही. दस्तऐवजच नसेल तर संबंध सिद्ध होत नाही, आणि सिद्ध होत नाही म्हणून संबंध नाहीच असे मानले जाते. युरोपीय न्यायालयाने २००७ मध्ये पॅराक्वाटची परवानगी रद्द केली, तेव्हा या आजाराशी असलेल्या संबंधाचे अभ्यास मूल्यमापनाच्या कागदपत्रांत विचारातच घेतले नव्हते, हाही आक्षेप नोंदविला. तेथे कागदपत्रांतील मौन हाच दोष ठरला. केरळने २०११ मध्ये या द्रव्यावर बंदी घातली.

इतिहास विभागांना येथे वाव आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थी गावातील साठीपुढील शेतकऱ्यांच्या मुलाखती घेऊ शकतात. प्रश्न थोडेच पुरेत : कोणते औषध फवारले, किती वर्षे, कोणत्या पंपाने, आणि हातात मोजे होते की नव्हते.